तंबूत बसा, नाम्या येतोय

चपला हातात घ्या. कोयनाकाठची वाळू दुपारभर तापलीय, तळव्याला चटका बसेल. पण या गर्दीत चप्पल निसटली तर ती पुढच्या चैत्रातच सापडायची. साल 1974. येराडच्या येडोबाची जत्रा. पाटण इथून जवळच, आणि आज अख्खं खोरं या काठावर उतरलंय. मोरगिरीकडची माणसं आहेत, कोयनानगरकडची आहेत, डोंगरावरच्या वाड्यांतून दिवस उगवायच्या आत भाकरी बांधून निघालेली आहेत. अंगातल्या शर्टाची काळजी करू नका. गुलालाची पहिली मूठ डोक्यावर पडली की तुम्ही इथलेच.

पडली बघा. "चांगभलं!" म्हणा आणि लगेच तोंड मिटा, नाहीतर उरलेला गुलाल घशात जाईल.

आता नाक उघडं ठेवा. आधी खोबऱ्याचा वास येईल, मग उदाचा, मग कढईतल्या जिलेबीचा. त्याच्यामागून बैलांचा, घामाचा, नव्या कोऱ्या लुगड्याच्या खळीचा. भेळवाल्यानं कांदा चिरायला घेतलाय, डोळे चुरचुरतील. गेल्या वर्षी दुष्काळात यातल्या कितीतरी माणसांनी लाल मिलोची भाकरी गिळली होती. म्हणून यंदाच्या जत्रेत खाण्यावर असा तुटून पडलेला जमाव दिसतोय. गुडीशेवेचा पुडा घ्या. हातात कोमट लागेल, गूळ बोटाला चिकटेल. पुसू नका, चाटा. इथं कोणी बघत नाही.

अंधार पडत आला की जत्रेचे दोन भाग होतात, आणि खरी ओढाताण तिथंच सुरू होते. डाव्या हाताला तमाशाचा फड. कनात बांधलीय, आत बोर्ड चढवलाय, बाहेर रंगवलेला फलक आहे, आणि कनातीच्या आतून ढोलकीवाला थाप देऊन शाई तपासतोय. नुसतं तपासतोय तो, तरी तुमच्या पायाचा अंगठा हललाच. उजव्या हाताला सिनेमाचा तंबू. त्याच्या तोंडाशी ट्रक उभा आहे, ट्रकच्या हौद्यात प्रोजेक्टर आहे आणि टपावर कर्णा. कर्ण्यातून एक माणूस घसा फाटेस्तोवर ओरडतोय, चुकवू नका, आजचा शेवटचा खेळ, दादा कोंडके, उषा चव्हाण, सोंगाड्या, सोंगाड्या, सोंगाड्या!

डावीकडे खरा सोंगाड्या आणि उजवीकडे कापडावरचा. कुठं जाणार?

आज उजवीकडे चला. डावीकडचं माणूस आपल्याला थोड्या वेळानं भेटणारच आहे.

तिकिटाच्या खिडकीपाशी रांग नाही, ढीग आहे. खिडकी म्हणजे पत्र्याला पाडलेलं भोक. मुठीत नाणी घट्ट धरून हात त्या भोकात घालायचा आणि तिकीट हातात आल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही. कोपर बरगडीत बसेल, कुणाचा तरी फेटा तोंडावर येईल, त्याला घामाचा आणि तंबाखूचा वास असेल. ढकला. इथं ढकलणं हा अपमान नाही. "आवो पाव्हणं, व्हा की फुडं!" असं मागचा म्हणतो ते मायेनंच.

आत आलात. खाली भाताचं पिंजार पसरलंय, त्यावर बसायचं. मध्ये दोर बांधलाय. एका बाजूला बाया-पोरी, दुसऱ्या बाजूला बाप्ये. तंबूचं कापड दिवसभर उन्हात भाजलेलं, त्याची धग अजून उतरलेली नाही. बिड्यांचा धूर वर जाऊन कापडाला अडकतो आणि पुन्हा तुमच्याकडेच येतो. पिंजार पोटऱ्यांना टोचतं. मांडी घाला, आणि ती मोडू नका. मोडली की तिथं शेजारचं पोरगं घुसलंच समजा.

मग बाहेर इंजिन सुरू होतं. डिझेलचा ठसका येतो, आणि बसल्या जागी जमीन थरथरते. पाहा, म्हाताऱ्यांच्या ओळीकडे पाहा. चार-पाच जणांनी तळहात गपकन जमिनीला टेकवला. सांगून नाही, ठरवून नाही. 11 डिसेंबर 1967 ची पहाट इथं कुणाच्या अंगातून गेलेली नाही. कोयनेच्या भूकंपानं झोपेत घरं अंगावर आणली, तेव्हापासून या खोऱ्यातला माणूस जमीन हलली की आधी हातानं तिला विचारतो. इंजिनच आहे म्हटल्यावर हात परत मांडीवर जातात, आणि त्यातलाच एक आबा मोठ्यानं म्हणतो, "चालू करा रं, जिमीन जाग्याव हाय!" अख्खा तंबू हसतो. सिनेमा सुरू व्हायच्या आधीचं हे हसू. इथली माणसं भीतीसकट हसतात, हे ध्यानात ठेवा. पुढं उपयोगी पडेल.

तुमच्या उजव्या हाताला बसलाय तो मुंबईवाला. पाटण खोऱ्यातल्या घराघरातून कुणी ना कुणी मुंबईला असतोच, गिरणीत नाहीतर माथाडीत. हा जत्रेपुरता आलाय. टेरिकॉटचा शर्ट, मनगटाला घड्याळ, केसाला वासाचं तेल. त्यानं हा सिनेमा दादरच्या कोहिनूरला पाहिलाय आणि तो ते लपवून ठेवणार नाही. प्रत्येक विनोद पडद्याच्या दोन सेकंद आधी तो तुमच्या कानात सांगेल. चिडू नका. मुंबईत खोलीतल्या पंधरा माणसांत पाठ टेकवायला जागा शोधणाऱ्या या गड्याला आज पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी काहीतरी माहीत आहे.

दिवे गेले. मागून निळसर-पांढरा झोत डोक्यावरून निघाला. ट्रकमध्ये दोन कार्बनच्या कांड्या एकमेकींसमोर जळतायत. ऑपरेटर काळ्या काचेतून त्यांच्यातलं अंतर बघतो आणि चाकी फिरवून सारखं करतो. त्याचं लक्ष जरा चुकलं की पडद्यावर तिन्हीसांज होते, आणि तंबूभर शिट्ट्या. झोतात धूर, गुलाल आणि पिंजाराचं कूस तरंगतंय. चित्र काळं-पांढरं आहे, तरी तुम्हाला ते गुलाबी दिसलं तर पापण्या पुसा.

आणि आला. ढगळ चड्डी, लोंबता नाडा, तोंडाचा चंबू. नाम्या! त्यानं अजून तोंड उघडलेलं नाही आणि पिंजारावर माणसं एकमेकांच्या अंगावर पडतायत. हा कुणी शहरातनं आलेला, खेडवळाची नक्कल करणारा नट वाटत नाही. गावात दर आळीला एक नाम्या असतो आणि तो आत्ता याच तंबूत कुठंतरी बसलेला आहे. कुठं बसलाय हेही सगळ्यांना ठाऊक. तिकडून आवाज येतो, "ए, त्यो बघ तुझा भाऊ!" आणि तो खराखुरा नाम्या खूश होऊन उभा राहतो, हात जोडतो, मागचे ओरडतात, "बस की लेका खाली!"

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. भोळा पोरगा, करारी आई. पोरगा तमाशा बघायला जातो आणि बघतच राहतो. कलावती नाचते, याचं भान हरपतं. आईला कळतं, आई घराबाहेर काढते, आणि हा जातो तो थेट फडात, सोंगाड्या व्हायला. वसंत सबनीस यांनी लिहिलेली, गोविंद कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेली ही 1971 ची गोष्ट. पण घरी बसून एकट्यानं ती पाहिली असेल तर तुम्हाला तिचं अर्धंच कळलंय. आत्ता काय होतंय पाहा. पडद्यावर तमाशाला माणसं बसली आहेत. फेटे, टोप्या, आ वासलेली तोंडं. आणि त्यांच्यासमोर खाली, पिंजारावर, तेच फेटे, त्याच टोप्या, तीच आ वासलेली तोंडं. सिनेमा तमाशाची थट्टा करतोय असं सगळे समजून आलेत. थट्टा बघणाऱ्याची चाललीय. कलावंताला बघताना आपण किती हावरे दिसतो, किती भोळे दिसतो, आणि बायकोसमोर त्याच तमाशाला कसं नाक मुरडतो, ते कापडावर मोठं करून टांगलंय. तुमच्या डावीकडच्या पाटलांनी खाकरून पागोटं सारखं केलं. काल रात्री ते फडात पहिल्या ओळीत होते आणि त्यांनी दौलतजादा केला होता. दोरापलीकडे त्यांची मंडळी बसलीय.

आईनं नाम्याला घराबाहेर काढलं, तेव्हा दोरापलीकडचा आवाज ऐका. आई झालेल्या रत्नमालाबाईंचा तो कडक चेहरा बघून एक म्हातारी ठणकावते, "बरं केलंस बाय!" दुसरी लगेच, "लेकरू हाय गं ते, उपाशी जाईल." आणि पुढची दोन मिनिटं पडद्याकडे कुणाचं लक्ष नाही. बायांत वाद लागलाय आणि तो सिनेमापेक्षा मोठ्या आवाजात चाललाय. ऐका हो, फुकट आहे.

फट्. रीळ संपलं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे दुसरं रीळ चढेपर्यंत दिवे लागतात. शेंगदाण्याच्या पुड्या डोक्यावरून फिरतात. गोटीच्या सोड्याची बाटली घ्या, अंगठ्यानं गोटी दाबा, फुर्रकन तोंडावर उडेल. गार नाही, पण घशातला गुलाल उतरतो.

तेवढ्यात एक सांगतो, कारण बाहेर हा प्रश्न नेहमी विचारला जातो: अशा सिनेमानं तमाशाची टिंगल नाही का केली? मला विचाराल तर टिंगल तमाशानं आधीच स्वतःची करून ठेवली होती. गणात गणपतीला हात जोडायचे आणि गवळण लागली की साक्षात कृष्णाची वाट अडवून मावशीनं त्याची हजेरी घ्यायची. मावशी म्हणजे लुगडं नेसलेला मिशीवाला बाप्या, शेजारी पेंद्या, आणि देव बिचारा मध्ये सापडलेला. वगात राजा सिंहासनावर बसला की सोंगाड्यानं त्याचं सिंहासन म्हणजे पत्र्याची खुर्ची आहे हे सगळ्यांना दाखवून द्यायचं. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू, ते जुळे भाऊ, 'जहरी प्याला' वगात हवालदार होऊन यायचे आणि दोघांतला कोणता कोण हे कळायच्या आत लोकांचं पोट दुखायला लागायचं. खाकीची थट्टा आणि राजाची थट्टा करता करता आपल्या रंगवलेल्या तोंडाचीही थट्टा, हे सगळं बोर्डावर रोजचं. दादा कोंडके आणि सबनीस त्याच वाटेनं आलेले. सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त दादा हवालदार होऊन किती रात्री उभे राहिले होते. घरातल्या माणसानं घरातल्या माणसाची काढलेली खोडी आहे ही. तिच्यात जीव आहे तो त्यामुळं.

तमाशावरचे आधीचे सिनेमे फार रडवायचे. 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला. त्यातल्या हंसा वाडकरांना विसरणं शक्य नाही, पण तिथं कलावंतीण म्हणजे दुःख. 'सोंगाड्या'त ती हसते, रागावते, हिशेब ओळखते. मला हे जास्त मोलाचं वाटतं. एक गोष्ट मात्र मनाला लागते आणि ती सांगायलाच हवी. तमाशापटांतला नाच्या म्हटला की प्रेक्षक हसायला तयारच बसलेला असायचा. कोल्हापूरचे गणपत पाटील आयुष्यभर ती भूमिका करत राहिले. चांगला संसारी माणूस, पण लोक त्यांना पडद्याबाहेरही त्याच सोंगात बघत राहिले. त्या हसण्याचं मोल त्यांनी एकट्यानं चुकतं केलं. नाच्याकडे न हसता बघणारा 'नटरंग' यायला 2010 उजाडलं.

दिवे गेले, पुढचं रीळ चढलं. आणि आता कान द्या. तंबूच्या कापडावर टप्प. टप्प टप्प. मग एकदम कुणी खडे ओतावेत तसा आवाज.

वळीव!

वारा कोयनेवरून येतो आणि तंबू फुगतो. पोरं दोर धरायला धावतात, तुम्हीही धावा, बसून काय बघताय? काथ्याचा ओला दोर तळहात सोलतो. मातीचा वास असा घुसतो की बिडी, डिझेल, घाम सगळं मागं पडतं. पलीकडे फडाची कनात आडवी झाल्याचा आवाज, भांडी पडल्याचा आवाज, आरडाओरडा. आणि फडातली सगळी गर्दी तुमच्या तंबूत शिरते. तिकीट कोण बघतंय? ऑपरेटरला प्रोजेक्टर झाकायचाय का चालू ठेवायचाय कळत नाही. तो चालूच ठेवतो. देव त्याचं भलं करो.

त्या गर्दीत तो आहे. तुमच्याच खांद्याला टेकून उभा. डोळ्यांत काजळ, गालावरचा मुर्दाडशिंग पावसानं ओघळलेला, डोक्यावर उलटी टोपी, अंगात ठिगळाची बंडी. फडाचा सोंगाड्या. त्याच्या अंगाला ओल्या रंगाचा आणि घामाचा वास येतोय. वय पन्नाशीकडे झुकलेलं. बोर्डावर विशीतला दिसत असेल. पडद्यावर नाम्या पहिल्यांदाच बोर्डावर चढलाय. तंबू हसतोय. हा हसत नाही. तो मोजतोय. ओठ हलतायत त्याचे. नाम्या एक वाक्य बोलतो, थांबतो, मान वळवतो, आणि मग पुढचं बोलतो. हशा फुटतो.

"थांबतुया बराबर," तुमच्या कानाशी तो म्हणतो. "माणूस फडातलाच हाय ह्यो."

एवढंच. दादांना मिळालेली यापेक्षा मोठी पावती मला माहीत नाही. विनोद बोलण्यात नसतो, थांबण्यात असतो, हे ज्याला वीस वर्षं पोटासाठी करावं लागलं त्यानं ते ओळखलं. मग नाम्याची एक फजिती होते आणि तो पहिल्यांदा हसतो, जिथं बाकी कुणी हसत नाही तिथं. फडातल्या माणसालाच कळावी अशी काहीतरी चूक असणार. आपल्याला ती कळली नाही. बघा विचारून, सांगणार नाही.

दोरापलीकडे बघा आता. फडातल्या चौघी भिजून उभ्या आहेत. नऊवारी अंगाला चिकटलेली, पायात चाळ. हलल्या की वाजतात म्हणून हलत नाहीत. गावातल्या बायांनी पदर सावरले. एक जण तिरकी सरकली, अंगाला अंग लागू नये म्हणून. मघाशी कलावतीसाठी टाळ्या वाजवणाऱ्या याच बाया. क्षणभर वाटतं, आता काही बरं होणार नाही. मग ती मघाची म्हातारी, जिनं लेकराची कड घेतली होती ती, मोठ्यानं म्हणते, "बसा गं, उभ्या ऱ्हाऊन दिसत न्हाय आमास्नी." आणि स्वतःचं घोंगडं पसरते. चौघी बसतात. चाळ वाजतात. पडद्यावर कलावती नाचतेय आणि तिला बघायला चार कलावती बसल्यात. त्यातली एक मान हलवून दुसरीला काहीतरी सांगते. ठेका चुकला असेल, नाहीतर आवडला असेल.

अशी खोडी फक्त इथंच काढली गेली असं नाही. युरोपातल्या चित्रपटांनीही कलावंतांच्या जगाची खिल्ली उडवलीय. रुबेन ऑस्टलुंड यांच्या 'द स्क्वेअर'ला 2017 मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळाला. त्यात एका बड्या मेजवानीत एक कलावंत वानर होऊन शिरतो, टेबलावर चढतो, पाहुण्यांना छळतो. आणि उंची कपड्यांतली ती माणसं आधी उगाच हसतात, मग मान खाली घालून बसतात, कारण यावर हसायचं की पळायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. चित्रपट जबरदस्त आहे. पण ते टेबल बघताना मला या तंबूचं पिंजार आठवतं. इथं सोंगाड्या अंगावर आला असता तर पहिल्या ओळीतल्या आबानं त्याला तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं, आणि सोंगाड्यानं ते उत्तर उद्याच्या बतावणीत घातलं असतं. बघणारा आणि करणारा इथं एकमेकांना ओळखत होते. 'सोंगाड्या'चा चिमटा अचूक बसला तो म्हणून.

पाऊस ओसरला. खेळ संपला. बाहेर या, सांभाळून, वाळू आता गार आहे आणि पाय घोट्यापर्यंत जातो. मुंबईवाला दादांसारखं चालून दाखवतोय आणि पोरं त्याच्या मागं. फडाचे गडी पडलेली कनात उभी करतायत, ढोलकी शेकोटीवर शेकायला धरलीय. सोंगाड्यानं तोंडाला पुन्हा रंग लावायला घेतलाय, कारण त्याचा खेळ अजून व्हायचाय आणि सुपारीचे पैसे खेळ झाल्यावरच मिळतात. ट्रकमध्ये रिळं पत्र्याच्या डब्यांत जातायत.

ते सिनेमाचे तंबू आता फार थोडे उरलेत. कार्बनच्या कांड्या गेल्या, रिळं गेली, 'सोंगाड्या' तुमच्या खिशातल्या फोनवर आहे. पण तमाशाचे फड अजून जत्रांना फिरतात, आणि चैत्रात पाटण खोऱ्यात येडोबाची, बनपुरीच्या नाईकबाची जत्रा भरतेच. तेव्हा या. सिनेमा घरच्या चार माणसांना बरोबर घेऊन बघा, आणि फडाची कनात दिसली तर तिकीट काढून आत जा. मागं अंधारात उभे राहू नका; पुढं बसा, आणि सोंगाड्या चांगला थांबला तर त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हसा.